तलफ पाच मिनिटांची

दुपारचे जेवण होऊन तास-दोन तास झाले की तंबाखू खाणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. पुडी निघते, चुन्याची डबी निघते. तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाने काढलेला चुना, मग अंगठ्याने मळणे, दोन-तीनदा थापटून भुकटी उडवणे आणि उरलेली गोळी खालच्या ओठामागे. मिनिटभराचे काम. बोलणे न थांबवता, समोरच्याकडे न बघता हे होते. कारण ते वीस-वीस वर्षे रोज झालेले असते. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी दिलेला दम त्या मिनिटाला आठवत नाही. आठवला तरी हात थांबत नाही.

मोबाइलच्या मदतीने तंबाखू सोडवण्याचे जे काम जगभर चालू आहे, त्याचे सगळे कसब या एका मिनिटाला गाठण्यात आहे.

याचा भक्कम पुरावा ब्रिटनमधून आला. तिथल्या ‘टेक्स्ट टू स्टॉप’ या प्रयोगात 5,800 धूम्रपान करणाऱ्यांनी भाग घेतला आणि 2011 मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचे निष्कर्ष छापले. पहिले पाच आठवडे रोज पाच संदेश, नंतर सहा महिने आठवड्याला तीन. पण खरी गंमत उलट दिशेच्या संदेशात होती. तलफ आली की माणसाने ‘तलफ’ या अर्थाचा एक शब्द पाठवायचा. लगेच उत्तर येई की ही ओढ सरासरी पाच मिनिटांहून कमी टिकते, तोवर काहीतरी घोट घोट पीत राहा. घसरण झाली, एखादी सिगारेट ओढलीच, तर त्यासाठीही वेगळा शब्द होता. त्यावर रागावणे नाही, पुन्हा उभे राहण्याचा धीर. सहा महिन्यांनी लाळेच्या तपासणीने खातरजमा केली, तेव्हा संदेश मिळणाऱ्यांपैकी 10.7 टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती. ज्यांना हे संदेश मिळत नव्हते त्यांच्यात हेच प्रमाण 4.9 टक्के होते. दुपटीहून जास्त.

भारतात हे जसेच्या तसे चालणार नव्हते. आपल्याकडचा प्रश्न सिगारेटपेक्षा तोंडातल्या तंबाखूचा. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले, तर धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. म्हणजे चारातला जवळजवळ एक. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक का आढळतो, याचे मुख्य उत्तर या आकड्यात आहे. गुटख्यावर राज्याने 2012 मध्ये बंदी घातली. पण विदर्भात पन्नीत घोटलेला खर्रा, इतरत्र मावा आणि घरोघरी मशेरी चालूच राहिली.

केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने 2016 मध्ये मोबाइलवरचा कार्यक्रम सुरू केला, तो अस्सल देशी सवयीवर उभा होता: मिस्ड कॉल. 011-22901701 वर एक रिंग द्यायची आणि फोन ठेवायचा. पैसे लागत नाहीत, इंटरनेट लागत नाही, साधा बटणांचा फोनही चालतो. मग नोंदणी होते आणि संदेश येऊ लागतात. वीस लाखांहून अधिक लोकांनी अशी नोंद केली. त्यातल्या 12,000 जणांना फोन करून विचारले, तेव्हा सहा महिन्यांनंतर सुमारे 7 टक्के लोकांनी तंबाखू सोडल्याचे सांगितले. हे त्यांचे स्वतःचे सांगणे, त्याला लाळेच्या तपासणीचे बळ नाही. तरीही जवळजवळ फुकटात, घरबसल्या मिळालेला हा परिणाम छोटा मुळीच नाही.

मात्र संदेश वाचावा लागतो, आणि सुरुवातीला तो हिंदी-इंग्रजीत होता. पहाटे तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करणारी, ती दातांना लावल्याशिवाय जिचा दिवस सुरू होत नाही अशी बाई या योजनेत कुठे बसते? तिच्यापाशी बहुतेकदा स्वतःचा फोन नसतो. मशेरीला ती व्यसनही म्हणत नाही. दात साफ होतात, पोट साफ होते, एवढेच तिचे म्हणणे. तिच्यापर्यंत पोचायला माणसाचा आवाज हवा, आणि तोही मराठी.

तो आवाज ‘क्विटलाइन’वर मिळतो. 1800-11-2356 ही निःशुल्क सेवा मे 2016 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. पुढे मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बंगळुरूची निम्हान्स आणि गुवाहाटीची बरुआ कर्करोग संस्था तिला जोडल्या गेल्या, तशी प्रादेशिक भाषांतून बोलण्याची सोय झाली.

इथले काम पाहण्यासारखे आहे, कारण त्यात उपदेश जवळजवळ नसतो. समुपदेशक आधी विचारत जातो. काय खाता? दिवसात किती पुड्या? सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती वेळाने? या शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे: डोळे उघडल्यावर पाच मिनिटांत तंबाखू लागत असेल, तर शरीर निकोटीनला घट्ट बांधले गेले आहे असे समजतात. मग आधी कधी सोडून पाहिली होती का, आणि पुन्हा कशामुळे सुरू झाली? रात्रपाळी, मित्रांचा कट्टा, घरातले भांडण, बद्धकोष्ठाची भीती. उत्तर फोन करणाऱ्याच्याच तोंडून येते. मग सोडण्याची तारीख ठरते, तीही त्यानेच सांगितलेली. त्या दिवसासाठी चार सोप्या गोष्टी दिल्या जातात: थोडे थांबा, दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, दुसऱ्या कामाला लागा.

पुढचा फोन मात्र केंद्रातून येतो. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत अवघड: चिडचिड, डोके जड, झोप नाही, कशात लक्ष नाही. हा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. पण हे आधी कुणी सांगितलेले नसेल, तर माणसाला वाटते की तंबाखू सोडल्यानेच तब्येत बिघडली, आणि तो टपरीवर परततो. नेमक्या त्याच दिवसांत ‘कसे चालले आहे?’ असे विचारणारा फोन आला, तर पुष्कळ फरक पडतो. यंत्राने तारीख लक्षात ठेवायची आणि माणसाने बोलायचे, ही वाटणी सर्वांत चांगली.

तोंडात दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट लागताच होणारी आग, पूर्वीइतके न उघडणारे तोंड यांपैकी काही असेल, तर फोनवर न थांबता दंतवैद्याला किंवा डॉक्टरांना तोंड दाखवावे. बाकी ज्यांना सोडायची आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणाला सोडवायची आहे, त्यांनी क्विटलाइनचा क्रमांक शोधत बसायची गरज नाही. 1 सप्टेंबर 2018 पासून तो तंबाखूच्या पाकिटांवरच छापला जातो. सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवार सोडून कधीही फोन लावा.