गाडी जोरात चालवायची हौस आहे? मग आधी ब्रेकचे पॅड आणि डिस्क समजून घ्या

गाडीची हौस असलेल्या आपल्या तरुणांमध्ये सध्या एक नवा शब्द ऐकू येतो, ‘ट्रॅक डे’. म्हणजे फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि आपलीच रोजची गाडी बंद रेस ट्रॅकवर मनसोक्त पळवायची. चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही आपल्याकडची त्यासाठीची ठिकाणं. आखातात नोकरीला असलेल्या मुलांना दुबई ऑटोड्रोम आणि अबू धाबीचं यास मरिना सर्किट जवळ पडतं.

हौसेला मोल नसतं हे खरं. पण या हौसेत पैसा आधी कुठे जातो? इंजिनवर, सायलेन्सरवर, चकचकीत व्हीलवर. ब्रेकचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. आम्हाला वाटतं, हा क्रम उलटा हवा. कारण रविवारी ट्रॅकवर पळणारी गाडीच सोमवारी अम्मीला दवाखान्यात आणि लहान भावंडांना शाळेत सोडते.

ब्रेक गाडीची ऊर्जा उष्णतेत बदलतो

नववीच्या विज्ञानात मुलं गतिज ऊर्जा शिकतात. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ब्रेक दाबल्यावर ही ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. पॅड डिस्कला घासतो आणि दोन्ही तापतात.

हिशेब करून पाहू. माणसांसह १,२०० किलोची हॅचबॅक ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिला एकदा पूर्ण थांबवताना निघणारी उष्णता साधारण दीड लिटर पाण्याला उकळी आणू शकेल. तीच गाडी ताशी १४० वर असेल, तर जवळपास तीन लिटर. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत असे तीन-चार जोरदार ब्रेक लागतात आणि मध्ये थंड व्हायला जेमतेम काही सेकंद मिळतात. डिस्कचं तापमान पाचशे-सहाशे अंशांपर्यंत सहज जातं.

ट्रॅकवर न जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना हीच गाडी जी ऊर्जा सोडते, ती चाळीस लिटर पाणी उकळायला पुरेल. हवेचा आणि टायरचा विरोध त्यातला थोडा भाग घेतो, बाकीचा भार इंजिन किंवा ब्रेक यांच्यावर येतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर खाली ठेवला की इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकला दम मिळतो.

‘ब्रेक फेल’ दोन प्रकारचा असतो

ब्रेक तापून कमजोर पडतात तेव्हा लोक सरसकट ‘ब्रेक फेल झाला’ म्हणतात. पण यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या पायालाच कळतात.

पहिली, पेडल कडक लागतं, पाय पूर्ण जोर लावतो, पण गाडी थांबत नाही. इथे पॅड त्याच्या सोसण्याच्या पलीकडे तापलेला असतो. त्यातलं राळेसारखं बांधणीचं द्रव्य जळू लागतं आणि पकड जाते.

दुसरी, पेडल मऊ पडतं, स्पंजसारखं खाली जातं. इथे ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले की ते दाबले जातात. मग पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोचतच नाही.

पहिल्यावर उपाय म्हणजे चांगला पॅड, दुसऱ्यावर उपाय म्हणजे ताजं ब्रेक ऑइल. दुखणं ओळखल्याशिवाय दवा घेण्यात अर्थ नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल मुरली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ साठी ठरवलेली किमान मर्यादा नव्या ऑइलला २०५ अंश आणि ओल मुरलेल्याला १४० अंश आहे. डॉट ४ साठी २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. कोकणासारख्या दमट हवेत ऑइल दर दोन वर्षांनी बदलणं आणि ट्रॅकवर जाण्याआधी ताजं भरून सिस्टिममधली हवा काढून घेणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणाचा उपाय आहे. एक एहतियात मात्र हवी. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल असतं, ते वरच्या कोणत्याही ऑइलमध्ये मिसळू नये. ५ आणि ५.१ हे नंबर दिसायला जवळचे आहेत, माल मात्र वेगळा.

पॅड: सर्वांत महागडा म्हणजे सर्वांत चांगला नव्हे

कंपनीतून गाडीला येणारे पॅड बहुतेक ऑरगॅनिक किंवा कमी धातूचे असतात. आवाज कमी, डिस्कची झीज कमी आणि थंड असतानाही पहिल्याच दाबाला पकड. शहरात आणि साध्या प्रवासात यांना तोड नाही. पण फार तापले की ते लवकर थकतात.

सिरॅमिक पॅडची धूळ कमी, आवाज कमी. नाव भारदस्त असलं तरी रस्त्यावरचे बहुतेक सिरॅमिक पॅड स्वच्छ आणि शांत चालण्यासाठी बनवलेले असतात, ट्रॅकसाठी नव्हे.

सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये लोखंड, तांबं अशा धातूंचं प्रमाण जास्त असतं. ते उष्णता सोसतात, पण धूळ जास्त, आवाज थोडा आणि डिस्कही जास्त झिजते.

शेवटचा प्रकार शुद्ध रेसिंग पॅडचा. तापल्यावर त्याची पकड जबरदस्त, पण थंड असताना कमजोर. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडताना समोर मूल धावत आलं, तर तो पॅड अजून जागाच झालेला नसतो. म्हणून रेसिंग पॅड रोजच्या गाडीत कायम ठेवू नयेत. दोन्ही कामं एकाच गाडीकडून घ्यायची असतील तर मधला प्रकार आहे, ‘फास्ट रोड’ पॅड. फेरोडोचा डीएस २५०० किंवा ईबीसीचा यलोस्टफ ही त्याची नावाजलेली उदाहरणं. मोठ्या हौशींनी ट्रॅकसाठी वेगळा सेट ठेवावा आणि घरी येताना बदलावा.

खरेदी करताना पॅडच्या मागच्या पट्टीवर किंवा कडेला छापलेला कोड वाचा. अनेक पॅडवर ‘ईएफ’, ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर कमी तापमानातली पकड सांगतं, दुसरं जास्त तापमानातली. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर तापल्यावर तो पॅड ढिला पडतो. मात्र ही चाचणी ट्रॅकवरच्या तापमानापर्यंत जात नाही. त्यासाठी कंपनीने दिलेली तापमानाची मर्यादाच पाहावी लागते. आणि खोकं ओळखीचं असलं तरी माल अधिकृत विक्रेत्याकडूनच, पक्क्या बिलावर घ्या. नकली पॅडचा बाजार मोठा आहे.

डिस्क: भोकं दिसायला छान, पण…

डिस्क ब्रेकचं नाव जगात गाजलं ते १९५३ साली. त्या वर्षी ल मान्सची २४ तासांची शर्यत जग्वार सी-टाइपने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली. ड्रम ब्रेकच्या गाड्या तापून मंदावत होत्या, डिस्क उघड्या हवेत थंड होत होती. आजही डिस्ककडून आपल्याला तेच हवं असतं, उष्णता साठवणं आणि सोडणं.

म्हणून आधी पाहायचं ते डिस्कचं वजन आणि जाडी. दोन पत्र्यांमध्ये हवा खेळणारी ‘व्हेंटिलेटेड’ डिस्क एकसंध डिस्कपेक्षा लवकर थंड होते. भोकं पाडलेली डिस्क देखणी दिसते, पण ट्रॅकच्या तापात भोकांच्या कडेने तडे जातात. खाचा मारलेली डिस्क पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवते, मात्र पॅड लवकर खाते. बहुतेकांना कंपनीच्या मापाची, चांगल्या ओतीव लोखंडाची साधी व्हेंटिलेटेड डिस्क पुरते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून चालवू नका, बदला. आणि पॅड असो वा डिस्क, एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदमच बदला.

मोठी डिस्क आणि मोठे कॅलिपर लावले की गाडी कमी अंतरात थांबते, हा गैरसमज आहे. धडधाकट ब्रेक पहिल्याच जोरदार दाबात चाकं एबीएसच्या हद्दीपर्यंत नेतात. तिथून पुढे गाडी थांबवतो टायर. भारी ब्रेकचा पैसा पहिल्या ब्रेकसाठी नसतोच. तो दहाव्या ब्रेकसाठी असतो, जेव्हा साधा पॅड थकलेला असतो. टायर गुळगुळीत असतील तर आधी टायर घ्या.

बसवल्यानंतर

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांत बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १०-१५ पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग कमी करा. मध्ये पूर्ण थांबू नका. नंतर ब्रेक न दाबता काही किलोमीटर गाडी चालवून थंड होऊ द्या. पॅडसोबत कंपनीची वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की त्याचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं. त्यालाच लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात.

ट्रॅकवरही शेवटची फेरी सावकाश मारा. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडण लावा.

कायदा आणि विमा

घाट म्हणजे ट्रॅक नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि त्यात कैदेची तरतूद आहे. दुसरी गोष्ट घरात फारशी कुणाला ठाऊक नसते. आपल्या नेहमीच्या गाडीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर जाण्याआधी पॉलिसी काढून वाचा आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

मुलाने ट्रॅकवर जायचा हट्ट धरला, तर अब्बांनी लगेच ‘नाही’ म्हणू नये. वेगाची भूक रस्त्यावर भागवण्यापेक्षा ट्रॅक कधीही बरा. फक्त खर्चाचा क्रम दोघांनी मिळून ठरवावा. आधी टायर, मग ताजं ब्रेक ऑइल, मग योग्य पॅड, गरज वाटली तर डिस्क. इतकं झाल्यावर पैसे उरले, तर इंजिनचं खुशाल बघा.