चुन्याची भट्टी उघडी का ठेवतात?
चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ती भाजली की कळीचा चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. 100 ग्रॅम शुद्ध चुनखडीतून 56 ग्रॅम चुना, 44 ग्रॅम वायू. पुस्तकात हे समीकरण एका ओळीत आटोपतं, पण त्यात शिकण्यासारखं खूप आहे. ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. बंद भांड्यात वायू साठतो, त्याचा दाब ठरावीक पातळीला पोचतो आणि मग ज्या वेगाने चुना तयार होतो, त्याच वेगाने तो वायूशी जुळून पुन्हा चुनखडी होतो. हा रासायनिक समतोल. दोन्ही घन पदार्थ शिल्लक आहेत तोवर हा दाब फक्त तापमानावर ठरतो. चुनखडी मूठभर असो की पोतंभर. सुमारे 900 अंश सेल्सिअसला तो एक वातावरणाइतका होतो. उघड्या भट्टीत वायू टिकतच नाही, त्यामुळे चुनखडी संपेपर्यंत भाजली जाते.

कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की ढेकूळ फुगतं, तडकतं, वाफा येतात. मोलमागे जवळपास 65 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. डोळे सांभाळायलाच हवेत.

अशा पाण्याने विरलेल्या चुन्याची संपृक्त निवळी मात्र जरूर तापवून पाहा. ती गढूळ होते! साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुना कमी; कारण विरघळताना तो उष्णता सोडतो, आणि वरून उष्णता दिली की समतोल उलट्या बाजूला सरकतो.