गोव्यातील लोहखनिज खाणी व पाण्याच्या हानीचे कायदेशीर दायित्व

गोव्यातील लोहखनिज खाणींमुळे भूजल, नद्या व शेती यांची झालेली हानी कोणी व कोणत्या कायद्यान्वये भरून द्यावी, हा भारतीय पर्यावरण कायद्यातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांत गोव्याचा मुख्य खाणपट्टा पसरलेला आहे.

हानीचे स्वरूप

उघड्या खाणीचा खड्डा भूजल पातळीच्या खाली गेला की सभोवतालचे पाणी त्यात झिरपते. उत्खननासाठी ते पंपाने सतत उपसावे लागते. परिणामी परिसरातील विहिरी व झरे आटू शकतात. एक टन खनिजामागे साधारणपणे अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. पावसाळ्यात तिचे ढिगारे वाहून ओहोळ, नद्या व भातशेतीत गाळ साचतो.

कायदेशीर चौकट

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ आणि पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ हे या विषयातील मुख्य कायदे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'प्रदूषकाने किंमत मोजावी' हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० मधील कलम १५ नुसार पीडितांना भरपाई आणि पर्यावरणाची पुनर्स्थापना मागता येते. त्यासाठी कारण प्रथम उद्भवल्यापासून सामान्यतः पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

न्यायालयीन निर्णय

न्यायमूर्ती शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे उत्खनन बेकायदेशीर ठरवले, वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रकमेतून कायमस्वरूपी निधी उभारण्याचा आदेश दिला. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरणही रद्द झाले.

मर्यादा

हा निधी भावी पिढ्यांच्या हितासाठी आहे. विहीर आटलेल्या कुटुंबाची व्यक्तिगत भरपाई त्यातून आपोआप होत नाही. त्यासाठी हानी व उपसा यांचा संबंध दाखवावा लागतो. पावसाच्या प्रमाणानुसारही विहिरींची पातळी बदलते. त्यामुळे खाण सुरू होण्यापूर्वीच्या पातळीच्या नोंदी नसतील, तर असा दावा सिद्ध करणे कठीण जाते.