एस्टोनिया : नवे चलन आणि नवे संविधान
१९९१ मध्ये एस्टोनिया सोव्हिएत संघातून मुक्त झाला, तरी व्यवहारात रूबलच होता आणि महागाई भडकली होती. २० जून १९९२ रोजी क्रून हे राष्ट्रीय चलन आले. एका जर्मन मार्कला आठ क्रून हा दर ठरला. नोंदणीकृत रहिवाशांना प्रत्येकी १५०० रूबलपर्यंतची रोकड, दहा रूबलला एक क्रून या दराने, बदलून मिळाली. आठच दिवसांनी सार्वमताने संविधान संमत झाले; सरकार १०१ सदस्यांच्या संसदेला जबाबदार ठरले. परंतु सोव्हिएत काळात स्थायिक झालेल्या बहुसंख्य रशियन भाषकांना नागरिकत्वाअभावी या सार्वमतात मत देता आले नाही. चलन सर्वांच्या हाती आले, मताधिकार मात्र आला नाही. संक्रमणकाळाचा अभ्यास करताना हा भेद आपण लक्षात ठेवावा.