आप्त कोणाला म्हणावें?

लग्नपत्रिकेंत ‘आप्तेष्ट’ हा शब्द आपण नेहमीं वाचतों. आप्त ते नात्याचे आणि इष्ट ते स्नेहाचे. पण हे दोन शब्द एकमेकांना इतके चिकटून गेले आहेत, कीं ते निराळे करण्याची पाळी कोणावर येईल असें वाटत नाहीं. इटलीच्या शासनावर ती पाळी २०२० सालीं आली. तीच हकीकत मी आज सांगणार आहें.

करोनाच्या साथीमुळें त्या देशांत १० मार्चपासून सर्वत्र टाळेबंदी झाली. घराबाहेर पडणाऱ्याला आपण कोठें व कशासाठीं जात आहों, हें सहीनिशीं लिहिलेला कागद जवळ बाळगावा लागे. नियम बदलले, कीं कागदाचा मसुदाहि बदले!

पुढें पंतप्रधान जुझेप्पे कोंते यांनीं २६ एप्रिलला जाहीर केलें, कीं ४ मेपासून निर्बंध कांहींसे सैल होतील. कारखाने सुरू व्हावयाचे होते, बागा उघडावयाच्या होत्या. परंतु लोकांचें लक्ष वेधलें तें एका सवलतीनें: आपल्याच प्रांतांतील ‘कोंजुंती’ना भेटावयास जाण्यास हरकत नव्हती. कोंजुंती म्हणजे आपले संबंधी. पण कोणते संबंधी? वाग्दत्त वधूला भेटतां येईल काय? ऐकणाऱ्याला हंसूं येईल. पण ज्यांची ताटातूट होऊन सुमारें आठ आठवडे लोटले होते, त्यांना तो थट्टेचा विषय नव्हता.

अखेर शासनानें खुलासा केला. पतिपत्नी, एकत्र राहणारे सहचर, ज्यांचा प्रेमसंबंध स्थिर आहे अशीं माणसें, सहाव्या पायरीपर्यंतचे रक्ताचे नातेवाईक आणि चौथ्या पायरीपर्यंतचे सासरचे लोक, एवढे सर्व कोंजुंती ठरले. म्हणजे पत्नीच्या चुलतभावाकडे जातां येईल. मित्राकडे मात्र जातां येणार नाहीं.

शासनाला नांवें ठेवणें सोपें आहे. प्रत्येक भेट ही रोगाला मिळालेली एक वाट. कोठें तरी रेघ ओढणें भागच होतें. नातें पायऱ्यांनीं मोजतां येतें, स्नेह मोजण्याचें माप कोणत्याहि कचेरींत नसतें. तरीपण जिला सख्खें कोणी उरलें नाहीं, आणि पलीकडच्या गल्लींतील बालमैत्रीण हाच जिचा सारा गोतावळा, अशा वृद्धेनें त्या कागदावर काय लिहावयाचें होतें?

नातेवाइकांतहि निवड करण्याचा प्रसंग आलाच. मार्चपासून अंत्यविधीच्या सभा बंद होत्या, आणि ४ मेपर्यंत सरकारी नोंदीप्रमाणें २८ हजारांहून अधिक माणसें दगावलीं होतीं. आतां अंत्यविधीला परवानगी मिळाली, पण जास्तींत जास्त १५ माणसांना. मुलें, सुना, नातवंडें, भावंडें मोजूं लागल्यावर पंधरा हा आंकडा किती लवकर भरतो, हें मोठ्या कुटुंबांतल्या श्रोत्यांना सांगावयास नको.

प्रांताच्या हद्दींत कोणाला भेटावयास जातों, हें सांगण्याची गरज १८ मेपासून उरली नाहीं. मित्राची भेट पुन्हां कायदेशीर झाली. प्रांत ओलांडण्याची मोकळीक ३ जूनला मिळाली. शाळा मात्र सप्टेंबरपर्यंत उघडल्या नाहींत.

त्याच १८ मेला कॉफीच्या दुकानांतूनहि पुन्हां आंत उभें राहतां येऊं लागलें. इटलींत कॉफी पुष्कळदां फळीपाशीं उभ्यानेंच, दोन घोटांत पितात, आणि त्या दोन घोटांत चार गोष्टी बोलून घेतात. आतां दोघां स्नेह्यांमध्यें एक मीटरचें अंतर असे. मुखपट्टी कपापुरती खालीं करावयाची, कॉफी प्यावयाची, आणि पुन्हां वर चढवावयाची.