दूरच्या सायकलप्रवासाचे सामान

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी आमच्या शाळेतील तीन मोठे विद्यार्थी मजकडे आले व पिंपरीहून नाशिकपर्यंत सायकलीने जाण्याचा आपला बेत त्यांनी सांगितला. दुसऱ्याच दिवशी त्यांपैकी एकाची आई शाळेत आली. "सर, चाकणच्या रस्त्यावर कंटेनर कसे धावतात ते तुम्हांला ठाऊक आहे. तुम्हीच त्याला चार शब्द सांगा," असे ती माउली म्हणाली. तिची भीती खोटी नव्हती, आणि मुलांचा उत्साहही वावगा नव्हता. तेव्हा मी मुलांस एवढेच म्हटले की, "काय काय नेणार ते सर्व बांधून मला दाखवा, मग बोलू." त्या गाठोड्यांची पाहणी करताना जे विचार सुचले ते विद्यार्थी व पालक या दोघांच्याही उपयोगी पडावेत म्हणून येथे मांडीत आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, असा प्रवास ही काही अलीकडची नवलाई नव्हे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास करून १९२८ च्या मार्च महिन्यात परत आले. आपल्याच पुणे जिल्ह्यातील वेदांगी कुलकर्णी या तरुणीने २०१८ साली वयाच्या विसाव्या वर्षी सुमारे २९,००० किलोमीटरचे अंतर १५९ दिवसांत एकटीने पुरे केले. वाटेत कॅनडात अस्वलाने तिचा पाठलाग केला, स्पेनमध्ये चोरांनी चाकूचा धाक दाखवून तिला लुटले, आणि रशियात तिला बर्फात रात्री काढाव्या लागल्या. अशा प्रवासात लागणारी प्रत्येक वस्तू सायकलीवर स्वतःच वाहावी लागते. म्हणून काय घ्यावे यापेक्षा काय घेऊ नये हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

वजनाचा हिशेब सोपा आहे. सायकल व स्वार मिळून ७५ किलो वजन असेल आणि त्यावर १५ किलोंचे सामान चढविले, तर घाट चढताना पाचव्या हिश्शाने अधिक श्रम करावे लागतात. सपाट रस्त्यावर मात्र मुख्य विरोध वाऱ्याचा असल्याने हा भार तितका जाणवत नाही. त्यामुळेच घराच्या आसपास फेरी मारून "काही जड नाही" असे मानणारा मनुष्य संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरीच्या घाटात पस्तावतो.

परंतु वजन किती यापेक्षाही ते कोठे ठेवले याला अधिक महत्त्व आहे. पूर्वी लमाण लोक बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांस सारख्या वजनाच्या गोण्या लादीत, त्यातील शहाणपण येथेही लागू पडते. बोजा जितका उंच, तितकी सायकल डुलते. जितका मागे, तितके पुढचे चाक हलके होऊन हँडल अस्थिर होते. म्हणून हत्यारे, सुटी ट्यूब, पाणी यांसारख्या जड वस्तू सायकलीच्या सांगाड्यातील त्रिकोणात, पायडलच्या आसाजवळ असाव्यात. कपडे व पांघरूण अशा फुगीर पण हलक्या वस्तू सीटच्या मागील पिशवीत घालाव्यात. हँडलवर फार थोडे, म्हणजे खाऊ व पावसाळी अंगरखा एवढेच असावे. पाठीवर दप्तर घेऊन दूर जाऊ नये. त्याने कंबर दुखते, पाठ घामाने भिजते आणि भार नेमका सर्वांत उंच जागी येतो.

कॅरिअरच्या दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या पिशव्यांत सामान पुष्कळ मावते व चांगल्या डांबरी सडकेवर त्या सोयीच्या असतात. परंतु त्यांनी सायकलीची रुंदी वाढते, आणि खडबडीत वाटेवर त्या हिसके देतात. जेथे ट्रक हातभर अंतरावरून जातात अशा रस्त्यावर मी सांगाड्याला घट्ट बिलगणाऱ्या पिशव्यांनाच पसंती देईन. पिशवी कितीही भारी किमतीची असो, आतील कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे गुंडाळावेत, कारण सह्याद्रीच्या पावसापुढे शिवण टिकत नाही.

आता बांधणीविषयी माझीच एक चूक सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, महाविद्यालयात असताना, मी एका मित्रासह याच वाटेने निघालो होतो. कॅरिअरवर वळकटी, तीवर पुस्तके व सर्वांच्या वर एक टॉवेल, असा मनोरा मी सुतळीने बांधला होता. मोशीच्या पुढे तो मनोरा कलला, टॉवेलचे टोक मागच्या चाकात गुंतले व चाक एकदम अडून मी रस्त्यावर आपटलो. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाने वेळीच ब्रेक लावला, म्हणून आज हा लेख लिहिण्यास मी आहे. घरी आल्यावर आईने खरचटलेला हात धुतला, पण एक शब्दही बोलली नाही. तिचे ते मौन मला अद्याप आठवते. तेव्हापासून माझा नियम असा की, एकही पट्टा, दोरी वा कापडाचे टोक लोंबते राहू नये. जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या सुतळीपेक्षा कितीतरी चांगल्या. त्या ताणून बांधल्या असता सैल पडत नाहीत. बांधून झाल्यावर सायकल वीतभर उचलून खाली सोडावी. काही खडखडले किंवा हलले, तर बांधणी पुन्हा करावी.

हत्यारांच्या पिशवीत दोन सुट्या ट्यूब, पंक्चरचे पॅच व सोल्यूशन, टायर काढण्याच्या पट्ट्या, हातपंप, आपल्या सायकलीच्या नटांना बसणारे पाने, चेनची सुटी कडी व ब्रेकची एक तार असावी. ट्यूब आपल्याच चाकाच्या मापाची व पंप तिच्या व्हॉल्व्हला बसणारा आहे ना, हे घरीच पाहावे. कारखान्यांच्या या पट्ट्यात रस्त्यावर लोखंडाचा कीस व ट्रकच्या फाटलेल्या टायरांतील बारीक तारा पडलेल्या असतात. पंक्चर झाल्यावर टायरच्या आतून फडके फिरवून तो काटा शोधून काढावा. नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. हे काम बोटाने करू नये, बोट कापते.

पाण्याच्या दोन बाटल्या अवश्य हव्यात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले, की उन्हात उपयोगी पडणारे पेय तयार होते. शेंगदाणे व गूळ यांसारखा स्वस्त व टिकाऊ शिधा दुसरा नाही. वाटेत राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशी गावे असल्याने अन्नाचा मोठा साठा वाहण्याची गरज नाही. हेल्मेट, पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा आणि प्रकाशात चमकणारे जाकीट या वस्तू मात्र वजनाच्या सबबीवर कधीही गाळू नयेत. लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' नावाच्या सायकलफेऱ्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे असतात. तेथेही रात्रीच्या वेळी दिवे व असे जाकीट यांवाचून स्वारास पुढे जाऊ देत नाहीत.

आमच्या त्या तीन विद्यार्थ्यांच्या गाठोड्यांत काय निघाले? तीन जाड चादरी, स्वयंपाकाचे एक पातेले, पत्त्यांचे दोन जोड, गाणी ऐकण्याचे एक यंत्र. आणि सुटी ट्यूब तिघांत मिळून एक, तीही भलत्याच मापाची! बोजा भरपूर होता, सामान मात्र नव्हते. मी सर्व वस्तूंचे तीन ढीग करविले: जिच्यावाचून प्रवास थांबेल ती, जिच्यावाचून अडचण होईल ती, आणि जिच्यावाचून काहीच बिघडणार नाही ती. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघाला व तो घरी गेला. नंतर सगळे सामान लादून त्यांनी एका रविवारी पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, देहूपर्यंत फेरी केली. परत आल्यावर दुसऱ्या ढिगातीलही निम्म्या वस्तू त्यांनी आपण होऊन कमी केल्या.

त्या माउलीस मी पुन्हा बोलावले व मुलाने बांधलेली सायकल तिला दाखविली. तिने स्वतः प्रत्येक पट्टा ओढून पाहिला, मागील दिवा लावून पाहिला, आणि मग म्हणाली, "पहाटे लवकर निघा, आणि अंधार पडण्याआधी मुक्काम करा." ही तिची परवानगीच होती.

पालकांस माझी विनंती अशी की, मुलास नुसते "जाऊ नको" असे न सांगता "काय नेतोस ते दाखव" असे म्हणावे. आणि विद्यार्थीमित्रहो, घरच्या माणसांस आपली पिशवी उघडून दाखविण्यास जो लाजतो, तो अद्याप दूरच्या प्रवासास तयार झालेला नाही असे खुशाल समजावे.