सातनंतरची मुंबई

दिवेलागणीची वेळ म्हणजे बाईच्या दिवसातली सगळ्यात धांदलीची वेळ! कुकर लावायचा असतो, कणीक मळायची असते, देवापुढे दिवा लावायचा असतो, मुलांच्या अभ्यासाकडे बघायचं असतं. नोकरीवाली असेल तर ती या वेळी लोकलच्या गर्दीत बसून मटार सोलत असते. आणि समुद्राकाठच्या शहराची सर्वांत देखणी वेळ नेमकी हीच. म्हणून मुंबईत तीस-तीस वर्षं संसार करूनही मुंबईची संध्याकाळ न पाहिलेल्या कितीतरी जणी भेटतात. पाहिली असेल ती सिनेमात, नाहीतर टीव्हीवर.

गंमत बघा, परदेशी पाहुणे हीच संध्याकाळ पैसे मोजून बघतात. फक्त त्यांच्यासाठी गाडी, सोबत गाईड, हॉटेलच्या दारातून नेणं आणि परत दारात आणून सोडणं. तीन-चार तासांत मलबार हिल, चौपाटी, मरीन ड्राइव्ह, दिव्यांनी उजळलेलं सीएसएमटी आणि गेटवे. आपल्या बायकांना ही सगळी ठिकाणं लोकलच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहेत. अडतं कुठे? तर, बाईला संध्याकाळी घराबाहेर असायला ‘कारण’ लागतं!

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या वावरावर ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. ते २०११ साली आलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. पुरुष नाक्यावर उगाच उभा राहू शकतो. बाई मात्र रस्त्यावर दिसली, की ती कुठून तरी कुठे तरी कामासाठी निघालेली असायला हवी. ‘सातच्या आत घरात’ या नावाचा मराठी सिनेमा २००४ साली आला होता. त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं, कारण ते वाक्य प्रत्येक घरात आधीपासून होतंच.

घरी काय सांगायचं?

मी ज्या वस्तीत बचत गटांचं काम करते, तिथे दर वर्षी एक सहल निघते. बहुतेक वेळा देवदर्शनच. एका बैठकीत मी सुचवलं, की या वेळी संध्याकाळची मुंबई बघू. आपली आपण गाडी ठरवू. मला वाटलं, पहिला प्रश्न खर्चाचा येईल. पण पहिला प्रश्न आला, ‘‘ताई, रात्रीच्या जेवणाचं काय?’’ आणि दुसरा, ‘‘घरी काय सांगायचं?’’

एकीने लगेच तोडगा काढला, ‘‘सिद्धिविनायकाला जातोय म्हणून सांगू. देवाला कोण नाही म्हणतं?’’ सगळ्या हसल्या. पण गटाच्या खजिनदार मावशी गंभीर झाल्या. त्या पहाटे नरिमन पॉइंटच्या एका ऑफिसात झाडलोट करायला जातात. त्या म्हणाल्या, ‘‘मी रोज समुद्राच्या शेजारी लादी पुसते, पण दिवे लागलेले कधी बघितले नाहीत. ते बघायला देवाच्या नावाने खोटं कशाला बोलायचं? फिरायला जातोय म्हणून सांगायचं.’’

हे सांगणंच सगळ्यात अवघड गेलं. अठरा जणींनी नावं दिली होती. आदल्या दिवसापर्यंत पाच गळाल्या. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाच्या नवऱ्याने ‘‘रात्रीचं काय काम आहे?’’ म्हणून विचारलं. उलट एकीच्या सासूबाई स्वतःच तयार होऊन आल्या. ‘‘सून चाललीय, मग मी काय घरात बसू?’’ म्हणाल्या. चौदाव्या त्या!

बागेपासून गेटवेपर्यंत

पूर्वी अशा फेरफटक्यासाठी ‘निलांबरी’ ही उघड्या टपाची दुमजली बस होती. १९९७ साली सुरू झालेल्या त्या जुन्या बस ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या. म्हणून आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. चालक ओळखीतले, वयस्कर, आणि थांबायला न कंटाळणारे.

सुरुवात मलबार हिलवरून करावी, सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली दक्षिण मुंबईला पाणी देणारा मोठा जलाशय आहे. हे सांगितल्यावर आमच्यातली एक म्हणाली, ‘‘म्हणजे हे लोक पाण्यावर बाग लावतात, आणि आम्ही हंड्यासाठी पहाटे चारला उठतो!’’ समोरच्या कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट सगळ्यांना ठाऊक होता, पण मुलांना दाखवण्यापुरता. त्यावर सासूबाईंचा शेरा, ‘‘निदान तिला स्वतःचं घर तरी होतं!’’

याच बागेतून खाली मरीन ड्राइव्हची कमान दिसते. अंधार पडू लागला की दिवे लागतात आणि साडेतीन किलोमीटरचा तो रस्ता खरंच गळ्यातल्या हारासारखा दिसतो. त्याला ‘राणीचा रत्नहार’ म्हणतात ते उगीच नाही. २०१५ साली पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा हार फिका पडला म्हणून केवढी ओरड झाली होती!

खाली उतरल्यावर गिरगाव चौपाटी. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांवर इथेच अंत्यसंस्कार झाले. त्यांचा पुतळा इथे उभा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी याच चौपाटीजवळ गोळ्या अंगावर झेलत कसाबला धरून ठेवलं. त्यांच्या स्मारकासमोर आम्ही सगळ्या काही न बोलता उभ्या राहिलो. मग भेळ खाल्ली. दोन्ही गोष्टी एकाच वाळूत करता येतात, ही मुंबईच!

पुढे ओव्हल मैदान. एका बाजूला विद्यापीठाची आणि उच्च न्यायालयाची दगडी शिखरं, दुसऱ्या बाजूला १९३०-४० च्या दशकांतल्या ‘आर्ट डेको’ इमारती. २०१८ साली या साऱ्या परिसराला युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. मधोमध राजाबाई टॉवर, २८० फूट उंच, १८७८ साली पूर्ण झालेला. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं. सांगतात ते असं, की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि जैन रीतीप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं असे. घड्याळाच्या टोलांवरून त्यांना वेळ कळावी, कुणाला विचारावं लागू नये. आईची संध्याकाळ तिच्या हाती राहावी म्हणून एवढा मनोरा! कथा खरी असो नसो, आमच्या गाडीत ती फार आवडली.

सीएसएमटीसमोर आम्ही गाडीतून उतरून फुटपाथवर उभ्या राहिलो. रोज तिथून धावतपळत जाणाऱ्या दोघी म्हणाल्या, ‘‘आपण मान वर करून कधी बघितलंच नाही.’’ एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत १८७८ पासून दहा वर्षं बांधली जात होती. २००४ साली ती जागतिक वारसा ठरली. पण खरी गोष्ट घुमटाच्या टोकावर आहे. तिथे एक बाई उभी आहे, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. तिचं नाव ‘प्रगती’. ‘‘ही बरी रात्रभर बाहेर राहते,’’ कुणीतरी म्हणालं, ‘‘हिला नाही कुणी विचारत!’’

गेटवेला गाडी जरा लांब लावून चालावं लागतं. १९११ साली राजे पंचम जॉर्ज आले त्याची आठवण म्हणून ही कमान उभारायची ठरली. ती पुरी झाली १९२४ साली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची फौज याच कमानीखालून बाहेर पडली. स्वागताची कमान निरोपाची झाली, हे ऐकून सासूबाई खूश!

परतताना वांद्रे-वरळी सागरी सेतू. २००९ साली सुरू झालेला हा ५.६ किलोमीटरचा पूल सगळ्यांनी लांबून पाहिला होता. दुचाकी आणि रिक्षाला तिथे बंदी. मग ज्यांच्या घरी चारचाकी नाही त्या जाणार कशा?

आधी नीट आखा

अशी सहल काढणार असाल, तर काही गोष्टी आधीच ठरवा. पहिली, स्वच्छतागृहं. बायका बाहेर पडताना पाणीच पीत नाहीत, हे आपण सगळ्या जाणतो. मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ २०११ साली याच कारणासाठी उभी राहिली. कुठे, किती वाजेपर्यंत सोय उघडी असते ते आधी बघून ठेवा. दुसरी, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ प्रत्येकीच्या घरी कळवा. ११२ हा मदतीचा क्रमांक फोनमध्ये असू द्या. तिसरी, प्रत्येकीला घराच्या गल्लीपर्यंत सोडा, स्टेशनवर नाही. पावसाळ्यात मोठ्या भरतीचे दिवस टाळा.

आणि जेवणाचं काय झालं? एका घरी नवऱ्याने खिचडी टाकली, जरा करपली. एका घरी मुलाने वडापाव आणले. दोघी-तिघींनी दुपारीच सगळं करून ठेवलं होतं. उपाशी कुणी झोपलं नाही. एकीच्या घरी मात्र दोन दिवस अबोला होता. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्या अबोल्यातही ती मला म्हणाली, ‘‘ताई, पुढच्या वेळी माझं नाव आधी लिहा.’’

गाडी ठरवून, घोळक्याने, एका रात्रीपुरतं जाणं म्हणजे संध्याकाळ आपली झाली असं नाही. पण ही सुरुवात आहे. एकदा वाट कळली की पुढे मायलेकी लोकलने जाऊन कट्ट्यावर बसतील, काही काम नसताना. जिथे संध्याकाळी चार बायका निवांत बसलेल्या दिसतात, तिथे पाचवीला बसायची भीती वाटत नाही. दिवे आणि पोलीस हवेतच, पण ही सोबतही तितकीच हवी.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या भिशीला किंवा गटाच्या बैठकीला हा विषय काढा. मुंबईत नसाल तर तुमच्या गावाची चौपाटी, बंदर, नदीचा घाट आहेच. आधी तारीख ठरवा. कारण शोधत बसू नका. आणि घरी खरं तेच सांगा, ‘‘आम्ही फिरायला चाललोय.’’